तिसरा व्हॉल्व्ह

“निवृत्तीभाऊ, उद्या जयंती अन् हा अँप्लिफायर भाषणात मध्येच किंचाळतो बघा. टेबलाला नुसता हात लागू द्या!” मल्हारीने पेटी आमच्या घरात आणून ठेवली. हा आमच्या वस्तीतल्या मंडळाचा माणूस, तोंडाचा नुसता पट्टा.

आमचे हे सातपूरच्या कारखान्यात धडधडत्या प्रेस मशीनवर, चौदा वर्षं. पण वस्तीत नाव होतं ते त्यांच्या कानाचं. पेटी चालू करायची आणि आतल्या बल्बसारख्या काचेच्या व्हॉल्व्हवर पेन्सिलीने एकेक टकटक करायचं. बिघडलेला असेल तो स्पीकरमधून ‘टिंग’ करतो. कुकरच्या जुन्या रबरातून कापलेल्या दोन कड्या त्याला चढवल्या, की काच थरथरत नाही.

तिसऱ्यावर टिंग झालं. मला पीठ मळता मळता ऐकू आलं. हे मात्र चौथ्यावर गेले.

“पाचही चांगलेत. माइक बदला.”

“थट्टा करता का राव? तिसरा वाजला की!” मल्हारी हसला.

यांनी परत टकटक केलं. स्पीकरला कान लावला. मग माझ्याकडे पाहिलं.

“यांची सवयच आहे हो, भाऊजी. माणसाला आधी घाबरवायचं,” म्हणत मी पिठाच्या हातांनीच यांना खेटून बसले. “तपासा बरं परत.”

तिसऱ्यावर मी गुडघ्याने त्यांचा गुडघा दाबला. यांनी कड्या चढवल्या, पुन्हा ठोकलं. या वेळी मी दाबला नाही.

“झालं,” हे म्हणाले.

“मानलं! कान असावा तर असा,” म्हणत मल्हारी पेटी घेऊन गेला.

मी अगदी जवळ जाऊन विचारलं, “कधीपासून?”

“दिवाळीपासून. बारीक आवाज येत नाही.”

हाक मारली तर ओ देत नाहीत म्हणून दिवाळीपासून मी फुगून बसले होते. जळो माझी अक्कल! रडूसुद्धा आलं नाही. मी भाकरी थापायला घेतली.

दुसऱ्या दिवशी पेटी एकदाही किंचाळली नाही. स्टेजवरून मल्हारी ओरडला, “मागच्यांना ऐकू येतंय का? हात वर करा!”

भराभर हात वर गेले. हे शेवटच्या रांगेत उभे होते. यांनी आजूबाजूचे हात पाहिले, शर्टाची बाही सारखी केली आणि आपलाही हात वर केला.