तोबिताचं राहिलेलं पान

शलमोन मास्तरांनी सासूबाईंचं बायबल उघडलं, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं आणि मिटून पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"आई, दुसरं काहीही सांगा. स्तोत्र वाचतो, शुभवर्तमान वाचतो. तोबिताचं पुस्तक नाही."

"का? तोबितानं काय घोडं मारलंय तुमचं?"

"ते शास्त्रात नाही."

"तुमच्यात नाही. माझ्यात आहे."

सरुबाई नांदगावच्या, कॅथलिक. मास्तर शरणपूरचे, चार पिढ्यांचे प्रोटेस्टंट, रविवारी चर्चमध्ये धडा वाचणारे. सरुबाईंच्या लेकीचं, साधनाचं, मास्तरांशी लग्न झालं त्र्याऐंशी साली. तेव्हापासून चौदा वर्षं सासू-जावयाचा हा वाद चालू होता, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्याच्यावाचून करमत नसे.

"सात पुस्तकं जास्तीची घातलीत तुम्ही लोकांनी," मास्तर म्हणाले.

"घातली नाहीत. तुम्ही काढलीत."

"आई, शास्त्र चर्चच्या मंडळीच्या वर असतं."

"आणि शास्त्र कोणतं, हे कोणी ठरवलं? मंडळीनंच ना?"

एरवी मास्तरांकडे याला तीन उत्तरं तयार असत. पण उद्या सरुबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. उजवा डोळा लहानपणीच देवीत गेलेला. उरलेल्या डाव्यात मोतीबिंदू; सहा महिन्यांपासून अक्षर लागत नव्हतं. हा बिघडला की संपलंच. बाई घाबरल्या होत्या. परवा आल्यापासून त्यांनी लेकीच्या चहाला एकदाही नावं ठेवली नव्हती, यावरून मास्तरांनी काय ते ओळखलं.

"असं करा," सरुबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही गोष्ट म्हणून वाचा. मी शास्त्र म्हणून ऐकते."

मास्तर वाचायला बसले. म्हाताऱ्या तोबिताच्या डोळ्यांत चिमण्यांची घाण पडते, वर पांढरे पापुद्रे धरतात, तो आंधळा होतो. त्याचा मुलगा परमुलखात जातो, नदीत मासा पकडतो, सोबत्याच्या सांगण्यावरून डोळ्यांचं औषध म्हणून माशाचं पित्त जपून ठेवतो. आपली सहासष्ट पुस्तकं मास्तरांना जवळपास पाठ. ही गोष्ट मात्र ते जन्मात पहिल्यांदाच वाचत होते. शेजारी चहा निवून गेला. मुलगा घरी परतला, पित्त हातात घेऊन बापाकडे धावला, आणि...

"बस," सरुबाई म्हणाल्या. "पुढचं मी वाचीन. माझ्या डोळ्यानं."

"अहो, पण त्याला दिसलं का?"

"तुम्हाला काय करायचंय?" त्यांनी चाचपत खुणेची दोरी घालून पुस्तक मिटलं. "आणि मी वाचेपर्यंत उघडायचं नाही. कबूल?"

मास्तरांनी मान हलवली. मग त्यांना ते दिसलं नसेल हे ध्यानात येऊन "कबूल" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन लांबलं. डॉक्टरांनी अर्धा तास सांगितला होता, त्याचे दोन तास झाले. आतून कोणी काही सांगेना. साधना बाकावर रडायला लागली. मास्तरांच्या मांडीवर सासूबाईंची पिशवी होती आणि पिशवीत ते बायबल.

दुपारी सरुबाईंना खाटेवर आणलं. डोळ्यावर पट्टी होती. ती उद्या सुटणार, दिसतंय का ते तेव्हाच कळणार. साधना औषधं आणायला गेली, तशा त्या म्हणाल्या,

"पुस्तक द्या माझं."

मास्तरांनी दिलं. त्यांनी दोरी चाचपून तेच पान उघडलं, जावयाचा हात ओढला आणि त्या पानावर पालथा ठेवला.

"उघडलं होतं?"

मास्तर हात मागे घेऊ लागले.

"बोला की. हे पान तुमच्या शास्त्रात नाही. खोटं बोललात तरी पाप नाही लागायचं."

'नाही' मास्तरांच्या तोंडाशी आलं होतं. ते काही केल्या बाहेर पडेना.

"वाचलं, आई. राहवलं नाही मला."

सरुबाई रागावल्या नाहीत. त्यांनी हा धडा आयुष्यभरात वीसदा तरी वाचला असेल. तरी त्यांनी मास्तरांचा हात तसाच दाबून धरला आणि विचारलं,

"दिसतं ना हो त्याला?"

"दिसतं," मास्तर म्हणाले. "शास्त्रात लिहिलंय, आई."