हवालदाराच्या मिशा आणि मी, पोतेभर वाळू

मित्रांनो, ओळीने बसा, पाय हलवू नका आणि मी बोलत असताना मध्ये बोलू नका. मी एक जुनी आणि मानी वाळू आहे. किती जुनी, म्हणाल, तर तुमच्या गावाला नाव नव्हते आणि कोणाला नावे ठेवायला माणूसही नव्हता, तेव्हा मी एका डोंगराच्या पोटात पांढरा दगड होऊन बसले होते. पुढे डोंगर खचला आणि नदीने मला पदरात घेतले. नदीची शिस्त कडक असते! तिने मला इतके घोळवले, इतके घरंगळवले की माझ्या कणाकणाचे कोपरे झिजून गेले. म्हणून मी गोल आहे, गुळगुळीत आहे, आणि हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

नंतर माणसांनी मला चाळले, वाळवले, पोत्यात शिवले आणि एका जलतरण तलावाच्या पंपघरात नेले. तलावाचे पाणी गाळण्यासाठी तिथल्या मोठ्या टाकीत वाळू भरतात. माझ्या बहिणी टाकीत जाऊन कामाला लागल्या. मी मात्र शिल्लक उरले. तीन वर्षे मी न उघडलेल्या पोत्यात कोपऱ्यात उभी होते. पंपघर सांभाळणाऱ्या बाई रोज दुपारी माझ्यावर बसून डबा खात. माझ्यासारखीचे आसन व्हावे! पण मी मूग गिळून गप्प राहिले.

एका दुपारी डबा अर्धा असतानाच त्यांचा फोन वाजला. पलीकडून त्यांची भाची रडत होती.

"मावशी, हवालदार चार दिवस जेवला नाहीये! आणि त्याच्या मिशा गळतायत!"

हवालदार हा एक मासा होता, बोटाएवढा. तोंडाभोवती मिशा, आणि दिवसभर काचेच्या टाकीच्या तळाशी गस्त. त्या मिशांनी चाचपूनच तो अन्न शोधत असे. भाची दहा वर्षांची होती. तिचे तोंड क्षणभर मिटत नसे, म्हणून घरात तिला टिटवी म्हणत.

बाई संध्याकाळी त्या घरी गेल्या, आणि तिथे काय घडले ते मी नंतर त्यांच्याच तोंडून ऐकले. टिटवीचे बाबा घड्याळजी होते. बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी त्यांचे कामाचे टेबल होते. लेकीच्या वाढदिवसाला त्यांनी टाकीत घालायला निळी, चकचकीत खडी आणली होती, दुकानातली सर्वांत भारी. बाईंनी त्यांना डोळ्याला लावायचे भिंग आणायला सांगितले.

घड्याळजींनी हवालदाराकडे पाहिले. "अर्ध्याच राहिल्यात. डावीकडे तर नुसते खुंट." मग त्यांनी एक निळा खडा उचलून भिंगाखाली धरला आणि त्याच्या कडेवरून नख फिरवले.

"काचेसारखी धार आहे हिला," ते म्हणाले. "आणि मी ही निवडून आणली."

ऐकलेत, मित्रांनो? झगमगाट पाहून भुलणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा ऐकावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी स्वारी निघाली! बाईंच्या स्कूटरवर, त्यांच्या पायांशी, तीन वर्षांनी उघड्या हवेत! टिटवीच्या दारात मात्र पहिलाच अपशकुन. उंबऱ्याबाहेरची फरशी डुगडुगत होती. बाई अडखळल्या आणि मी त्यांच्यासकट पडता पडता वाचले.

"ही फरशी कधी बसवणार, दाजी?"

"बसवू हो. आणि हे काय पोतं? मेहुणीबाई, मासा ठेवायचाय की घर बांधायचंय?"

"घरच बांधायचंय. त्याचं!"

"पंपघरातली कवडीमोल वाळू, आणि माझ्या लेकीच्या टाकीत?"

"तुमची भारी खडी काय करून बसली, ते बघितलंत ना? ही न वापरलेली आहे. आणि मी काही डोळे मिटून घालणार नाही. आधी तिची परीक्षा."

माझी परीक्षा! या वयात! बशीत माझे चमचाभर कण ठेवले गेले आणि त्यांवर व्हिनेगर ओतले गेले. वाळूत शिंपल्यांचा चुरा किंवा चुना असेल तर ती फसफसते, आणि अशी वाळू टाकीतले पाणी बदलून टाकते. तिन्ही डोकी बशीवर वाकली. टिटवीचे तोंड जन्मात पहिल्यांदा बंद होते.

एकही बुडबुडा आला नाही.

"पास!" टिटवी किंचाळली. अर्थात पास! माझ्या कुळात कोणी नापास झालेले नाही.

मग धुणे सुरू झाले. हवालदाराला त्याच्याच टाकीतल्या पाण्यासह बादलीत ठेवले आणि हवेची नळी सोडली. बाई खडी उपसू लागल्या. माझे दोन भाग झाले. एक टिटवीच्या बादलीत, एक घड्याळजींच्या. टिटवी कोपरापर्यंत हात घालून मला ढवळी, गढूळ पाणी ओती, नवे भरी. पाचव्या पाण्याला तिची बोटे सुरकुतली. नवव्याला ती विचारू लागली, "मावशी, आता पुरे?"

"बादलीचा तळ दिसतोय?"

"धूसर."

"मग अजून."

घड्याळजींची बादली मात्र पाहता पाहता तयार झाली. "बघा!" ते छाती फुगवून म्हणाले. "चकाचक! आधी हीच घाला. बिचारा किती वेळ ताटकळणार?"

टिटवीने ती बादली उचलून टाकीच्या काठाला टेकवली, आणि मित्रांनो, माझ्या जिवाचे पाणी झाले. कारण मला ठाऊक होते. घड्याळजींनी मला घड्याळाच्या चाकांसारखे धुतले होते. साबणाने! मी ओरडू शकत नव्हते. माझ्यापाशी होता एकच साबणाचा फुगा, कणांमध्ये अडकलेला. बादली कलली, तो सुटला, सात रंग घेऊन वर तरंगला आणि बाईंच्या नाकासमोर फुटला.

"थांब! टिटवे, ओतू नकोस!"

त्यांनी माझी मूठ भरून हुंगली. "दाजी, साबण घातलात?"

"चिमूटभर. अहो, यंत्र म्हटलं की स्वच्छ..."

"मासा म्हणजे यंत्र नाही! त्याला हे विष आहे, विष!"

घड्याळजींनी वाकून ती बादली स्वतः टाकीपासून दूर ओढली. "एकदा खडी घालून. आज साबण घालून. मी दुसऱ्यांदा त्याला मारायला निघालो होतो."

टिटवीने ओल्याचिंब हाताने त्यांचा खांदा धरला. "बाबा, तुम्ही फक्त माझ्या बादलीला हात लावू नका. बस्स."

माझा अर्धा संसार बाद झाला. धुतला असता तर साबण कदाचित गेलाही असता, पण कदाचितच्या भरवशावर जीव ठेवत नाहीत. उरलेली मी पुरेन का? बाराव्या पाण्याला टिटवीच्या बादलीचा तळ लख्ख दिसला. बाईंनी टाकीतल्या गाळणीची मोटर बंद केली. पाणी उसळू नये म्हणून तळाशी एक बशी ठेवून तिच्यावर मला हळूहळू सोडले. टिटवीने मला सारखे केले आणि माझ्यात बोटे खुपसली.

"दोन बोटं! पुरली, मावशी!"

"दोनच हवीत. जास्त झाली तर खाली घाण कोंडते आणि सडते."

पाणी नितळायला सारी रात्र गेली. सकाळी सगळे टाकीभोवती जमले. हवालदार पाण्यात सुटला, सरळ माझ्यावर उतरला आणि तसाच पडून राहिला. हलेना. डुलेना. टिटवीने बाबांचा हात घट्ट धरला.

आणि मग त्याने तोंड माझ्यात खुपसले! पार डोळ्यांपर्यंत! मी त्याच्या तोंडात गेले आणि त्याच्या कल्ल्यांतून भुरभुरत बाहेर पडले! काय सांगू, मित्रांनो! डोंगर पाहिला, नदी पाहिली, पण असे स्वागत माझ्या आयुष्यात झाले नव्हते. टिटवीने बुडणारी एक गोळी टाकली. त्याने शोधली, गिळली, आणि पुढच्या गोळीसाठी गस्त सुरू केली.

पंचविसाव्या दिवशी घड्याळजी भिंग लावून काचेपाशी बसले होते, आणि अचानक एवढ्या मोठ्याने ओरडले की दारातल्या गिऱ्हाइकाच्या हातून छत्री पडली.

"फुटली! डावीकडची मिशी फुटली!"

आता टिटवी दर आठवड्याला एका बारीक काडीने मला वरवर ढवळते आणि उरलेले अन्न काढते. तुमच्या घरी माझी जातबहीण असेल, तर तिलाही एवढेच द्या. तिला स्वस्त म्हणा, माझी हरकत नाही. पण घालण्याआधी तिची परीक्षा घ्या, तळ दिसेपर्यंत धुवा, आणि घातल्यावर तिला विसरू नका. ज्याला तिच्यावर जगायचे आहे, तो बोलून दाखवू शकत नाही.

उठा आता. जाताना दारातल्या त्या फरशीवर बेलाशक पाय द्या. माझा अर्धा भाग साबणात बाद झाला, त्याच संध्याकाळी घड्याळजींनी ती स्वतः बसवली. आता ती हलत नाही. तिच्याखालीही मीच आहे.