एकतीस उत्तरं

बाबा म्हणजे मुलखाचे अबोल. रेडिओ दुरुस्त करण्यात जन्म गेला, पण घरात बोलायची वेळ आली की मूग गिळून गप्प. लेकीनं बोलून बोलून तोंड दुखवावं, तेव्हा कुठे एक शब्द सुटायचा.

ते गेले आणि महिन्याभरानं लेकीला कळलं, की जुन्या रेडिओंच्या एका वेबसाइटवर ते दहा वर्षं लोकांच्या अडचणी सोडवत होते. कळलं तेही कधी? साइट कायमची बंद व्हायच्या दिवशी! संध्याकाळी पाचला सगळं पुसलं जाणार होतं. तिला बाबांचा शब्द न् शब्द हवा होता. दुसरं काही त्यांनी मागे ठेवलंच नव्हतं.

लेक स्वतः वेबसाइट बनवणारी. तिच्या डाव्या हातचा मळ! ऑफिसातच तिनं चार ओळींचा जावास्क्रिप्ट प्रोग्राम खरडला: एकेक पान उघड, बाबांच्या नावाच्या उत्तरांचे चौकोन शोध, मजकूर फाइलीत टाक. चारला फाइल तयार झाली. एकतीस उत्तरं, सगळी वायरींची आणि कंडेन्सरची.

शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणाला, "दहा वर्षांत एकतीसच? एकदा ताडून बघ की."

"माझ्या बाबांना तू ओळखत नाहीस," ती म्हणाली. "एकतीस म्हणजे डोक्यावरून पाणी!"

आणि तिनं लॅपटॉप मिटला. अगं, तासभर होता हातात!

दुसऱ्या दिवशी, बाबा गेल्याचं कळवायला, तिनं त्यांच्या वहीत सापडलेल्या नंबरवर फोन केला. साइटवरचे एक आजोबा होते.

"तूच का ती लेक? अगं, काय बोलायचा तो तुझ्याबद्दल! रेडिओचं संपलं की आमच्या गप्पा सुरू. उत्तराला उत्तर, त्याला पुन्हा उत्तर, शंभर-शंभर व्हायची."

आता तिच्या लक्षात आलं. त्या पानांवर पहिल्या उत्तराच्या चौकोनात दुसरं असायचं, दुसऱ्याच्या आत तिसरं. तिनं प्रोग्रामला नुसते बाहेरचे चौकोन तपासायला सांगितलं होतं. आत खोलवर शोधायला एक शब्द बदलायचा असतो. नवख्यांना हे तीच तर शिकवायची! तिनं साइट उघडली. पान कोरं होतं.

"आजोबा, काय म्हणायचे हो बाबा? काहीही सांगा."



"खूप काही गं. पण नेमकं नाही आठवत बघ. तिथे लिहिलेलं होतं ना सगळं, म्हणून कधी लक्षात ठेवलं नाही."