उरलेली डाळ

मी एक जुनी युद्धकादंबरी आहे. पाठीला डिंक, अंगावर हळदीचे डाग आणि मुक्काम सुरतेत, लिंबायतच्या ताराबाईंच्या खानावळीत, तांदळाच्या डब्यावर.

मित्रांनो, मला लिहिणारा गडी मोठा अबोल होता. लढाईवरून परतला तेव्हा बँडबाजा आणि भाषणे यांवरचा त्याचा विश्वास पार उडाला होता. म्हणून त्याने माझ्यात ओले मोजे, थंडी आणि जेवण एवढेच लिहिले. छापणाऱ्याने मात्र मुखपृष्ठावर आग ओकणारा रणगाडा काढला! लोक हौसेने मला घेत आणि चार पाने वाचून, तोंड वाकडे करून ठेवून देत. शेवटी मी शेजारच्या उधन्याला रद्दीत जाऊन पडले. तिथून ताराबाईंच्या यजमानांनी, पंडितरावांनी, मला घरी आणले. मला फार बरे वाटले.

पंडितराव निवृत्त फौजी. वस्तीतले लोक लढाईची गोष्ट विचारत, तर ते म्हणत, "थंडी गैरी व्हती." थंडी फार होती, बस्स. त्यांची एक खोड मात्र ताराबाईंना सलत असे. कापडाच्या लूमवरचे कामगार जेवून गेले की पातेल्यात उरलेली डाळ ते मुकाट्याने संपवत, पोट भरलेले असले तरी. माणूस चिक्कू झाला, असे ताराबाईंना वाटे. एकदा चिडून त्यांनी पातेलेच मोरीत ओतले. पंडितराव उठून गेले आणि घरात अबोला सुरू झाला. मला डब्यावर बसून तो बघवत नसे.

अशात एका दुपारी त्यांची पुतणी दिपाली मला उघडून, भाकऱ्या थापणाऱ्या काकूंना वाचून दाखवू लागली. "सकाळी आम्ही टेकडी घेतली. संध्याकाळी डाळ बरीच उरली." वाचता वाचता ती हसली. "काकू, लढाईना पुस्तकमा दाय कसाले?"

ताराबाईंचा हात परातीतच थांबला. जेवणारे गावी गेले की त्यांच्याकडेही डाळ उरे. पण टेकडीवरून गावी कोण जाणार? तिथे जेवायला माणसेच उरली नसतील.

संध्याकाळी पंडितराव पातेले घेऊन बसले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "तुमना तठेबी दाय उरे का?"

त्यांनी मान वर केली. "हाव. उरे."

मित्रांनो, माझी पाने दुमडू नका. आणि मला वाचताना एखादे साधेसे वाक्य आले, तर ते घाईने ओलांडू नका, त्याच्यापाशी जरा बसा.

ताराबाई बसल्या. त्यांनी दुसरी वाटी घेतली आणि दोघांनी मिळून ते पातेले रिकामे केले.