फ्रिजसाठी पलंगाचं माप

ड्वेन केसलर शेजाऱ्याच्या मदतीला धावतो, हे सगळ्या गल्लीला मान्य होतं. लव्हॉनलाही मान्य होतं. फक्त तो धावत येताना हातात काय घेऊन येतो आणि परत जाताना काय घेऊन जातो, याकडे गल्लीचं लक्ष नसे आणि लव्हॉनचं असे. या वेळी तो मोजपट्टी घेऊन आला होता.

"जुना फ्रिज किती रुंद आहे ते बघतो," म्हणत तो कॅम्परमध्ये शिरला. कॅम्पर म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, ऑर्व्हलच्या, पिकअप ट्रकच्या पाठीवर बसवलेली, चार पावलांत संपणारी खोली. शेगडी, बेसिन, दोघांपुरतं टेबल आणि ट्रकच्या टपावर पुढे आलेला पलंग. लव्हॉन दारातून बघत होती. ड्वेनने फ्रिज मोजला. मग वर चढून आडवा झाला आणि पलंग मोजला.

"फ्रिज तिथं झोपणार आहे का रे?" तिने विचारलं.

"अगं, सहज. हातात पट्टी आहे म्हणून."

"मग माझी कंबरही मोज. सहजच."

ड्वेन हसला, पण पाय किती बाहेर येतात ते बघूनच खाली उतरला. तो चांगला सहा फुटांवर उंच.

पलंग मोजायला त्याला कारण होतं, आणि ते कारण ऑर्व्हलनेच दिलेलं होतं. लव्हॉनच्या बोटांची सांधेदुखी हिवाळ्यात इतकी वाढली की तिला लोणच्याची बरणी उघडेना आणि लेफ्सेची, म्हणजे बटाट्याची पातळ, पोळी लाटता येईना. वसंतात नवीन इंजेक्शन सुरू झालं आणि बोटं वळायला लागली. पण ते औषध नाजूक. छत्तीस ते सेहेचाळीस अंश फॅरनहाइटच्या मधे ठेवायचं. तापलं तर गेलं, गोठलं तरीही गेलं. आणि वाया गेलेल्याच्या बदल्यात विमावाले दुसरं देत नाहीत. कॅम्परमधला गॅसवर चालणारा जुना फ्रिज दुपारी कपाट व्हायचा आणि पहाटे बर्फाची पेटी. जूनमध्ये त्यांनी बर्फाच्या डब्यात औषध घालून एक छोटी फेरी करून पाहिली. बर्फ वितळला, खोकं पाण्यात तरंगलं, आणि एक इंजेक्शन कचऱ्यात गेलं.

त्या संध्याकाळी ऑर्व्हल म्हणाला, "मग विकून टाकू कॅम्पर. ड्वेन कधीचा मागतोय." अगदी सहज म्हणाला, मीठ दे म्हणावं तसं. आणि मग दोन दिवस कॅम्पर घासत बसला. विकायची वस्तू माणूस इतक्या मायेने घासत नाही, हे लव्हॉनला कळलं. पण ड्वेनने कुंपणापलीकडून फक्त पहिलं वाक्य ऐकलं होतं.

"विकायचं नंतर," लव्हॉनने निर्णय दिला. "आधी नवीन फ्रिज घालू. सप्टेंबरातला लेबर डे झाला, लोकांची पोरं शाळेत गेली की नेहमीसारखं तळ्यावर जायचं. त्याआधी इथंच, अंगणात, कॅम्परमध्ये राहून बघू. तापमापकाचा काटा जागेवर राहिला तर निघू. नाही राहिला तर ड्वेनला किल्ली."

ऑर्व्हलने मान डोलावली. तो धान्याच्या कोठारावर आयुष्यभर तराजूशेजारी बसलेला माणूस. काट्यावर ठरतंय म्हटल्यावर त्याला ते पटलं.

फ्रिज निवडायला तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. ऑर्व्हलला पुन्हा गॅसचाच हवा होता.

"गॅसला आवाज नाही, बॅटरी लागत नाही. जंगलात महिनाभर चालतो."

"चालतो, पण ट्रक जरा कलता उभा राहिला की रुसतो," लव्हॉन म्हणाली. "आपण तळ्यावर पोचतो तेव्हा लोक तळं बघतात. तू पाणसळ काढून चाकाखाली फळ्या सरकवत बसतोस."

"मला आवडतं ते."

"तुला आवडतं. माझ्या औषधाला नाही आवडत."

बॅटरीवर चालणारा घ्यायचा, एवढं ठरलं. छतावर सौर पट्टी होतीच. मग ड्वेनने सूत्रं हातात घेतली.

"मोठ्या फ्रीजरचा घ्या. ट्राउट भरपूर मावतात."

"ऑर्व्हल मासे धरत नाही," लव्हॉन म्हणाली.

"आणि खालचा कप्पा खोल हवा. बिअरचं अख्खं खोकं बसलं पाहिजे."

"ऑर्व्हल चार जुलैला एक बिअर पितो. तीही अर्धी माझी."

"आणि दार काळं. मर्नाला काळं आवडतं."

मर्ना ही ड्वेनची बायको. ड्वेनने घाईघाईने कॉफीचा घोट घेतला. ऑर्व्हलच्या काही लक्षात आलं नाही. तो माहितीपत्रकातली चित्रं बघत होता.

लव्हॉनने छोट्या फ्रीजरचा, पांढऱ्या दाराचा निवडला. मदत खरी होती, हे ती मनात ड्वेनच्या नावावर जमा करत होती. फक्त आपण मदत कुणाला करतोय, याबाबत त्याचा जरा गोंधळ झाला होता.

फ्रिज आला त्या शनिवारी दोघे पुरुष सकाळीच कामाला लागले. ऑर्व्हलने गॅस बंद करून नळीच्या तोंडाला पितळी टोपी आवळली, साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडा येत नाही याची खात्री होईपर्यंत चष्मा लावून बघत राहिला. या कामात तो घाई करत नसे. मग जुना फ्रिज ओढला. फ्रिज भिंतीतून निघाला, पण कॅम्परच्या दाराशी येऊन अडला.

"दार मोजलं होतंस ना?" ऑर्व्हलने विचारलं.

"मी? मी फ्रिज मोजला. दार तू मोजणार होतास."

"मी फ्रिजखालची फळी मोजली."

"पलंगही मोजलाय हं," लव्हॉन बाहेरून म्हणाली. "उपयोग झाला तर बघा."

शेवटी फ्रिजचंही दार काढलं, कॅम्परचंही दार बिजागऱ्यांसकट उतरवलं, आणि पोट आत ओढून ड्वेनने तो राक्षस बाहेर काढला. त्याची पाठ धरली. लव्हॉनने त्याला खुर्ची दिली, पाठीला गरम पाण्याची पिशवी दिली, आणि टूना घातलेल्या नूडल्सची भाजलेली थाळी समोर ठेवली. जमेच्या बाजूला जमा झालंच पाहिजे.

नवीन फ्रिज हलका होता. जाड वायर थेट बॅटरीपासून ओढली, कारण बारीक वायरीतून जाताना वीज वाटेतच दमते, असं ऑर्व्हल म्हणाला. जुन्या फ्रिजची ऊब बाहेर जायला भिंतीत जाळ्या होत्या. त्या आतून फोम लावून बुजवल्या. चौकटीत फट राहिली तिथं लाकडाची पट्टी ठोकली. संध्याकाळपर्यंत फ्रिज गुरगुरायला लागला, अगदी हळू, पोट भरलेल्या मांजरासारखा.

रविवारी चर्चमधून आल्यावर त्यांनी कॅम्परमध्ये बिऱ्हाड हलवलं. घर पाच पावलांवर, आणि हे दोघं अंगणात टेबल मांडून जेवत होते. रस्त्यावरून जाणारे हात करत होते, पण कुणाला नवल वाटलं नाही. तळ्यावर जाण्याआधी अंगणात एक मुक्काम करून बघणारे त्या गावात बरेच होते. लव्हॉनने फ्रिजमध्ये दूध, कोशिंबिरीचा पाला, अंडी आणि पाण्याच्या ग्लासात बुडवलेला तापमापक ठेवला. औषध घरातल्या फ्रिजमध्येच राहू दिलं. जिथं औषध ठेवायचं होतं तिथं तिने एक अंडं ठेवलं. झोपण्याआधी ऑर्व्हलने फ्रिज एकदा उघडून बंद केला आणि समाधानाने वर चढला.

सकाळी लव्हॉनने दार उघडलं. ग्लासातलं पाणी दगड झालं होतं आणि तापमापक त्यात ताठ उभा होता, दलदलीत रुतलेल्या खांबासारखा. दुधाची पिशवी फुगली होती. पाला हातात घेताच काचेसारखा मोडला. औषधाच्या जागेवरच्या अंड्याला उभी चीर गेली होती.

ऑर्व्हलने तिच्या खांद्यावरून बघितलं. बाहेर जाऊन कॅम्परच्या पायरीवर बसला. बराच वेळ बुटांच्या नाड्या बांधत राहिला. नाड्या बांधलेल्याच होत्या.

ड्वेन कॉफीचा मग घेऊन कुंपणाशी आला. "काय म्हणतोय फ्रिज?"

"गोठवतो," ऑर्व्हल म्हणाला. "तिचं औषध असतं तर गेलं असतं."

"अरेरे!" ड्वेन म्हणाला. त्याचं वाईट वाटणं खरं होतं. पण चेहरा आवरायला त्याला मगाची मदत घ्यावी लागली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मला कसाही चालेल. मासे गोठले तर बरंच आहे की."

ऑर्व्हलने खिशातून किल्ली काढली. ती तळहातावर ठेवून बघत बसला. "ठरलं होतं ते ठरलं होतं, लव्हॉन. काटा बोलला."

लव्हॉन आत उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर तळं होतं, तळ्यावरची सकाळ होती, आणि आता दर सप्टेंबरात हे दोघं घरात बसून टीव्हीवर तळं बघणार होते. तिला रडू आलं नाही, राग आला. आणि राग आला की ती हिशेब पुन्हा पहिल्यापासून तपासते. तिने वाकून फ्रिजचं बटण बघितलं.

"ऑर्व्हल, काल रात्री हे बटण तू फिरवलंस?"

"हो."

"कुठवर?"

"शेवटाला. नेहमी ठेवतो तिथं."

"का?"

"का काय? आदल्या रात्री शेवटाला ठेवायचा, म्हणजे सकाळपर्यंत गार होतो. वीस वर्षं ठेवतोय."

लव्हॉन पायरीवर त्याच्या शेजारी येऊन बसली आणि हसायला लागली. ऑर्व्हल घाबरला.

"अरे माणसा, तो जुना आळशी होता! त्याला आदल्या रात्री ढकलायला लागायचं. हा ढकलला की खरंच धावतो. नवी बायको घरात आणलीस आणि पहिलीची खोड तिच्यावर चालवतोयस!"

ऑर्व्हलने किल्ली मुठीत धरली. उठून आत गेला, पुस्तिका काढली, आणि यंत्र चालवून झाल्यावर का होईना, आयुष्यात पहिल्यांदा पुस्तिका वाचली. बटण शेवटावरून दोनवर आलं.

"घाई करू नका पण," ड्वेन म्हणाला. "अजून एक रात्र बघा. डोंगरात हवा वेगळी असते."

"बघणारच आहोत," लव्हॉन म्हणाली. "तुझ्या पाठीला बरं आहे ना?"

दुसऱ्या सकाळी तापमापकाचा काटा एकोणचाळीसवर होता. दुपारी उन्हात कॅम्पर तापला तेव्हा एक्केचाळीस. तिसऱ्या सकाळी पुन्हा एकोणचाळीस. ऑर्व्हल दर थोड्या वेळाने दार उघडून बघत होता. शेवटी लव्हॉन ओरडली, "तू उघडणं थांबव, म्हणजे काटाही थांबेल!"

लव्हॉनने घरातल्या फ्रिजमधून औषधाचं खोकं आणलं आणि कॅम्परमध्ये अंड्याच्या जागी ठेवलं. ऑर्व्हलने ट्रक सुरू केला. ड्वेनने कुंपणावरून हात केला. हात जरा जड होता, पण केला.

तळ्याकाठी झाडं पिवळी पडायला लागली होती आणि माणसं जवळजवळ नव्हतीच. ट्रक थोडा कलता उभा होता. ऑर्व्हलने पाणसळ बाहेर काढली, तिच्याकडे बघितलं, आणि तरीही चाकाखाली फळ्या सरकवल्याच. लव्हॉन तळं बघत राहिली.

तळ्यावरच्या चौथ्या सकाळी इंजेक्शनचा दिवस होता. ती टेबलाशी बसली. ऑर्व्हलला सुई बघवत नसे, म्हणून तो खिडकीबाहेर तळ्याकडे तोंड करून उभा राहिला.

"झालं?"

"झालं."

"गार होतं?"

"हवं तेवढंच."

तो वळला. तिने बोटं एकदा उघडली, मिटली, आणि लोणच्याची बरणी स्वतःच पुढे ओढून घेतली. ऑर्व्हल मदतीला म्हणून हात पुढे करणार होता. मग राहू दिला, आणि कॉफी ओतायला गेला.