मक्याच्या दाण्यांचा पाऊस

बेसबॉलच्या संघाला कुणी ‘टोळ’ असं नाव ठेवतं का? पण टाबोरव्हिलच्या संघाला दुसरं नाव शोभलंच नसतं. ज्या उन्हाळ्यात हा संघ उभा राहिला, त्याच उन्हाळ्यात नेब्रास्कावर टोळधाड आली. टोळांनी मका खाल्ला, कुंपणं खाल्ली, फादर यारोस्लावची दोरीवर वाळत घातलेली पँट खाल्ली, आणि पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी नव्या कोऱ्या बॅटी मुठीपासून कुरतडून ठेवल्या. पोरं मग कुदळींचे दांडे घेऊन खेळली. पाहुण्यांपैकी एकानं असा उंच फटका मारला की चेंडू वर टोळांच्या ढगात अडकला तो खाली आलाच नाही. पंचानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि झेल दिला. झेल कुणाचा, तर टोळांचा. झालं, नाव पडलं.

ज्याला हे खरं वाटत नसेल त्यानं अल्बीना ह्रुष्काला विचारावं. ती तिथे होती, आणि तिनं ही गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की आता तिची तिलाही खरी वाटायची.

टोळ खेळायचे ती लीग म्हणजे बेसबॉलच्या जिन्याची सगळ्यात खालची पायरी. वर चढायची स्वप्नं बघत कुठकुठली पोरं यायची, मिशा न फुटलेली, भूक मात्र बैलाची. ती गावातल्या घरांतून राहायची. अल्बीनाला नवरा राहिला नव्हता, मूल झालं नव्हतं, आणि घर होतं ऐसपैस. दर उन्हाळ्यात तिच्याकडे एक पोरगा असायचा. त्या वर्षी आला तो डेल्मर टकेट, आर्कान्सासच्या डोंगरातला, काठीसारखा लांब, डावखुरा. पहिल्या बेसवर उभा राहायचा आणि हात लांब केला की दुसऱ्या बेसवरच्याची टोपी उडवायचा, असं अल्बीना सांगायची.

त्याचा ग्लोव्ह नवा होता, फळीसारखा ताठ. त्याला रोज डुकराची चरबी चोळायची, आत चेंडू ठेवून दोरीनं आवळायचा आणि रात्री गादीखाली घालायचा, म्हणजे चामडं वळतं. पण डेल्मरच्या वजनानं काय वळणार!

“मावशी, तुझ्या गादीखाली ठेवू का?”

“म्हणजे मी जाडी आहे म्हणतोस?”

“छे गं! तू... भरीव आहेस.”

अल्बीनानं त्याच्या डोक्यात पोळपाट घालायचा तेवढा बाकी ठेवला. पण त्या रात्रीपासून ग्लोव्ह तिच्या पाठीखाली झोपायला लागला, आणि डेल्मरच्या हातून झेल सुटेनासे झाले. अख्ख्या गावाला ही गोष्ट माहीत होती, कारण तिच्या भावानं ती रेडिओवर सांगितली होती.

भाऊ म्हणजे एमिल पोकॉर्नी. अल्बीनाहून धाकटा, तिच्याच हाताखाली वाढलेला, अजूनही रोज रात्री तिच्याच ताटावर जेवणारा. टोळांचे सामने तो रेडिओवर ऐकवायचा. गावातले सामने मैदानात बसून. आणि संघ परगावी गेला की बी-बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर बसून. तिकडून तारेनं चार शब्द यायचे: ‘टकेट, फटका, पहिला बेस’. एमिल त्या चार शब्दांचं लग्न लावायचा! लाकडाच्या ठोकळ्यावर काठी आपटली की बॅटीचा आवाज, उशीवर बुक्की मारली की झेल, आणि पाऊस पडला तर मक्याचे सुके दाणे भरलेला पत्र्याचा डबा हलवायचा. तार मध्येच बंद पडली तर फलंदाज वाकून बुटाची नाडी बांधायचा. एकदा एकानं अशी नाडी बांधली की तोवर अल्बीनाचं कणीक मळून झालं.

रस्त्यावरून माडीवरचा एमिल दिसायचा, एकटाच भिंतीकडे बघून ओरडताना. म्हणजे फसवाफसवी काही नव्हती. वरची झालर एमिलची, आतलं कापड खरं, हे सगळ्यांनी धरलेलं. आणि झालर आवडायची म्हणून तर लोक ऐकायचे.

आता संघाचा मालक. ग्रॉसबेक. डेअरीवाला. दोन वर्षांपूर्वी त्यानं संघ दुसरीकडे न्यायचा घाट घातला होता. पहाटे बस भरली. पण अल्बीनाला सुगावा लागला. तिनं बससमोर खुर्ची टाकली, मांडीवर पोतं घेतलं आणि उशा भरायला हंसाची पिसं सोलत बसली. मग व्लास्ता आली खुर्ची घेऊन, मग चर्चमधल्या सगळ्या बायका. पिसं सोलायला बसल्या की आमच्या चेक बायका उठत नाहीत, आणि पिसं सोलणारणीसमोर कुणी जोरात श्वाससुद्धा घेत नाही, बस चालू करणं तर दूरच. ग्रॉसबेकनं तरी केली. पिसं इंजिनात गेली, आणि ती बस तेव्हापासून चढावर शिंकते. संघ राहिला. बायकांनी खसखशीचे कोलाचे, म्हणजे मधे सारण भरलेले गोड पाव, भाजून विकले आणि मैदानावर मोठे दिवे लावले, म्हणजे आता संघ कुठे जाणार नाही म्हणून.

त्या जुलैत टोळ लांबच्या दौऱ्यावर निघाले. सोमवारी सकाळी डेल्मर खाली आला. अल्बीनानं जर्दाळूचे कोलाचे पुढे ठेवले.

“शनिवारी येतोस ना? बदक भाजणार आहे. सोबत आंबट कोबी.”

“हो मावशी,” डेल्मर म्हणाला, पण बशीला.

“मान वर करून बोल की. बशी नाही येणार बदक खायला.”

तो उठला आणि त्यानं तिला अशी मिठी मारली की तिच्या डोक्यावरचा रुमाल घसरला. मग शिंकत शिंकत बस गेली.

बुधवारी दुपारी चादरी बदलताना तिला ग्लोव्ह सापडला. गादीखाली, दोरीनं आवळलेला, चेंडू आत. ती एकटीच हसली. काय वेंधळं पोरगं! पोराची चेष्टा नको म्हणून कुणाला बोलली नाही. अंडी घेऊन जाणारा ट्रक शुक्रवारी त्या बाजूला जायचा, त्याच्याबरोबर पाठवू, असं तिनं ठरवलं.

संध्याकाळी ती ओसरीवर बसली. खिडकीत रेडिओ, मांडीवर ग्लोव्ह, बोटांना चरबी. एमिल रंगात आला होता.

“...आणि फटका! पहिल्या बेसच्या डोक्यावरून... नाही नाही! डेल्मर टकेटनं घेतली उडी, आणि चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये! त्याच, मंडळी, चरबीनं माखलेल्या ग्लोव्हमध्ये! तो कुणाच्या गादीखाली झोपतो हे मी सांगणार नाही, पण ताई, हा झेल तुझा!”

कुंपणापलीकडून व्लास्ता ओरडली, “अगं अल्बीना, ऐकलंस का? भाऊ असावा तर असा!”

अल्बीनानं मांडीवर बघितलं. ग्लोव्ह तिथेच होता. चेंडू त्यातच होता.

आधी तिनं त्याची बाजू घेतली. झालर आहे, तिनं स्वतःला सांगितलं. तारेत ग्लोव्ह थोडाच येतो. पण डेल्मर आहे कुठे मग? दुसऱ्याचा ग्लोव्ह घेतला असेल? डावखुऱ्याला कोण देणार? मग बशीशी बोललेलं ते ‘हो मावशी’ तिला आठवलं. ग्लोव्ह काखोटीला मारून ती निघाली.

रस्ताभर दर घराच्या खिडकीतून एमिलचा आवाज येत होता. गाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललं तरी एक चेंडू चुकला नसता. ती मैदानावरून गेली. खेळाडूंच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत खुंट्या रिकाम्या. दौऱ्याला गणवेश जातात, ठीक. पण कपडे धुवायचं यंत्रही गेलं होतं. साबणसुद्धा.

माडीवर तारेचं यंत्र मुकं पडलं होतं. तार उतरवून घेणारा बसायचा त्या स्टुलावर एमिलची हॅट होती. एमिल डोळे मिटून ठोकळ्यावर काठी आपटत होता, कपाळावर घाम. डोळे उघडले तर दारात ताई, आणि ताईच्या हातात ग्लोव्ह.

तो थबकला. घसा खाकरून माईकला म्हणाला, “मंडळी... पाऊस आला.” आणि डबा उचलून हलवायला लागला.

अल्बीना त्याच्याजवळ गेली. दोघं त्या पावसाच्या आडोशाला हळू आवाजात बोलायला लागले.

“तार कधीपासून बंद आहे?”

“सोमवारपासून.”

“मग परवाचा होमरन?”

“मीच मारला, ताई.”

“आणि कालची हार?”

“रोज जिंकलो असतो तर संशय आला असता.”

“टोळ कुठे आहेत, एमिल्या?”

डबा हलत होता. “ग्रॉसबेकनं विकले. तिकडे कॅन्ससला. शनिवारी दिवे काढायला ट्रक येतील. तोवर गाव गप्प ठेव म्हणाला.”

“गाव?”

एमिलनं डबा आणखी जोरात हलवला.

“गाव नाही. मला. मला गप्प ठेव म्हणाला ना?”

“तू परत खुर्ची टाकली असतीस!”

“टाकलीच असती!”

“म्हणूनच की गं.”

“तुला काय मिळणार?”

त्याचा हात दुखायला लागला होता. त्यानं डबा दुसऱ्या हातात घेतला. पाऊस क्षणभर थांबला, पुन्हा लागला. “तिथलं रेडिओ स्टेशन मोठं आहे. मला बसमधून नेणार, दर सामन्याला. खरे सामने, ताई. किती वर्षं मी या भिंतीकडे बघून ओरडायचं?”

“रोज जेवायला येत होतास,” अल्बीना म्हणाली. “परवा येऊन मला विचारलंस, होमरन कसा वाटला. मी तुला दुसऱ्यांदा डंपलिंग वाढलं.”

“चांगला वाटला म्हणालीस.”

“चांगलाच होता. तेच तर!” तिचा आवाज चिरकला. मग तिनं विचारलं, “डेल्मरला माहीत होतं?”

“आदल्या संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं. बोलायचं नाही अशी ताकीद होती.”

म्हणजे ग्लोव्ह विसरला नव्हता. मागायला आला असता तर तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. त्यापेक्षा त्यानं हात रिकामा नेला, आणि चार कोलाचे खाल्ले.

अल्बीनानं एमिलच्या हातातून डबा काढून घेतला आणि काखेत धरला. पाऊस थांबला. सगळ्या गावात एकदम शांतता झाली. ती माईकपुढे बसली.

“मी अल्बीना ह्रुष्का बोलतेय. पाऊस थांबला. व्लास्ता, आवाज मोठा कर.” तिनं काठी घेतली आणि ठोकळ्यावर हाणली. एमिलहून जोरात बसली. “फटका. चेंडू चाललाय पहिल्या बेसकडे, सरळ डेल्मरच्या हातात. आणि सुटला. सुटणारच. त्याचा ग्लोव्ह माझ्यापाशी आहे. तिथे डेल्मर नाही. पिचर नाही. मैदानच नाही. सोमवारपासून एकही सामना झाला नाही, बायांनो. टोळ उडून गेले. आपण ऐकत होतो तो माझा भाऊ.”

एमिल भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याला सवयच होती.

खाली एकेक दार उघडलं. लोक रस्त्यावर आले, आणि सगळ्यांनी माना वर करून माडीच्या खिडकीकडे बघितलं. एमिलला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो पुढे कुणाला तरी म्हणाला म्हणे.

शनिवारी ट्रक आले तेव्हा दर खांबाखाली खुर्ची होती आणि दर खुर्चीत पिसांचं पोतं. ट्रकवाले जरा वेळ शिंकले आणि परत गेले. दिवे राहिले. अंधार पडल्यावर बायकांनी ते लावले, आणि अल्बीनानं भाजलेलं बदक मैदानावरच वाटलं. लख्ख उजेड पडला होता. त्यात बघायला काही नव्हतं. जेवून सगळे लवकर घरी गेले.

रविवारी एमिल बॅग घेऊन तिच्या फाटकाशी आला.

“ताई, निघतो.”

जाळीच्या दाराआडून ती म्हणाली, “थांब.”

ती आत गेली. त्याला वाटलं, कोलाचे आणतेय. त्यानं हात पुढेही केले. तिनं दार हातभर उघडलं आणि त्याच्या हातांत पत्र्याचा डबा ठेवला.

“तुझा पाऊस राहिला होता.”

तो डबा घेऊन गेला. दर पावलाला दाणे वाजायचे, आणि तो पाऊस आगगाडीच्या स्टेशनापर्यंत जाताना गावानं दारं लावून ऐकला. त्या वर्षी टाबोरव्हिलवर पुढे एक थेंब पडला नाही; नदी इतकी आटली की माशांच्या अंगावर धूळ बसली. हवं तर व्लास्ताला विचारा.

व्लास्ता अजून एक सांगते. कॅन्ससचं स्टेशन आभाळ स्वच्छ असलं की लागायचं. अल्बीना बटण फिरवायची, बॅटीचा पहिला आवाज ऐकायची. खरी बॅट, खरं मैदान. मग बंद करायची. “ठोकळ्याचा जास्त चांगला वाजायचा,” म्हणायची.

ग्लोव्ह तिनं पाठवला नाही. दोरीही सोडली नाही. गादीखाली तो तसाच होता, चेंडूसकट.

“अगं, पाठीला टोचत असेल,” व्लास्ता एकदा म्हणाली. “काढून टाक ना.”

“टोचू दे,” अल्बीना म्हणाली.