आईकडचं रक्त

एदेरला लाज नाही, हे दोसोलिना त्याला मिसरूड फुटलं तेव्हापासून म्हणत आली होती. पण निदान आजीसमोर तरी तो मान खाली घालायचा. न्यायालयाचा निकाल आल्यापासून तेही गेलं. द्राक्षांच्या मांडवाखालून हा नातू असा चालायचा, जणू ब्राझीलमधला हा डोंगर त्याला भाड्यानं दिला होता आणि आता मुदत संपली होती.

निकाल इटलीहून आला होता. दोसोलिनाची आई आंजेला लहानपणी तिथून बोटीनं आली. म्हणून तिची लेक इटालियन, लेकीचा लेक वाल्मोर, देव त्याला शांती देवो, तोही इटालियन, आणि वाल्मोरचा हा दिवटाही इटालियन. नुसत्या अर्जानं हे जमलं नसतं. वकीलबाईनं स्वयंपाकघरात बसून समजावलं होतं की, दोसोलिना जन्मली तेव्हा तिकडच्या कायद्यात रक्त बापाकडूनच उतरायचं, आईकडून नाही. म्हणून कोर्टात भांडायचं. दोसोलिना चुलीवर मक्याच्या पिठाचा पोलेंटा घोटत होती. तिनं विचारलं, मग आईनं मला पोटात नाही तर काय पोत्यात वाढवलं? एदेर टेबलावर हात आपटून हसला. नोना, हेच तर न्यायाधीशाला सांगायचंय, म्हणाला. आजीला तो इटालियनमधून नोनाच म्हणायचा.

सांगितलं, आणि जिंकला.

तैनाराचा विषय दोसोलिनानं वकीलबाई आली त्याच दिवशी काढला होता. तैनारा ही खालच्या वळणावर राहणाऱ्या जुसेलियाची मुलगी. जुसेलिया कोंबड्या कापायच्या कारखान्यात कामाला जायची. एदेर जुसेलियाबरोबर लग्नाशिवाय काही काळ नांदला, आणि पोर झाल्यावर कपडे उचलून आजीकडे परत आला. पोरीच्या जन्मदाखल्यावर बापाची जागा कोरी. गावात कुणाला विचारायची गरज नव्हती की ती कुणाची. रोज दुपारी ती चढ चढून यायची, द्राक्षाचा मुरांबा लावलेला पाव खायची आणि दोसोलिनाला नोनाच म्हणायची.

तिला आधी आपलं नाव दे आणि दाव्यात घाल, असं दोसोलिनानं बजावलं होतं. एदेर म्हणाला, कागद वाढतात, काम रखडतं. माझं होऊ दे, मग तिचंही करू. मधेच तिकडच्या सरकारनं कायदा आवळला. ज्यांचे दावे आधी लागले होते ते तरले, मागून येणाऱ्या पणतवंडांच्या तोंडावर दार लागलं. बातमी ऐकून एदेरनं खांदे उडवले. नशीब तिचं, म्हणाला, आणि मांस भाजायला विस्तव पेटवायला गेला.

पासपोर्ट गेला तर गेला. दोसोलिनाला त्याचं कौतुक नव्हतं. तिची आई त्या देशातून भुकेपायीच निघाली होती. पण नाव? त्याला ना वकील लागत होता ना न्यायाधीश. बापानं नोंदणी कचेरीत जाऊन सांगायचं, ही पोर माझी. तिनं एदेरच्या मागे टुमणं लावलं. शेवटी तो म्हणाला, शुक्रवारी जातो. शनिवारी त्याचं इटलीचं विमान होतं.

शुक्रवारी दोसोलिनानं स्वतः पोरीच्या झग्याला इस्त्री केली. जुसेलियानं कारखान्यातून रजा काढली. मायलेकी कचेरीच्या पायरीवर एदेरची वाट बघत बसल्या, शिपायानं कुलूप लावेपर्यंत. संध्याकाळी जुसेलिया झोपलेल्या पोरीला खांद्यावर टाकून चढ चढून आली. एदेरबद्दल वाईटसाईट बोलली नाही. एवढंच म्हणाली की, यापुढे या घरातून कुणी पोरीला कसलं वचन देऊ नका.

एदेर अंधार पडल्यावर आला, चाकांची नवी बॅग ओढत. आधी म्हणाला विसरलो, मग म्हणाला रांग होती. शेवटी म्हणाला, "ती आईच्या नावावर आहे ना? पुरे की तेवढं." दोसोलिनानं त्याचं ताट वाढलं आणि दिवा घेऊन निजायला गेली.

सकाळी धुक्यात मित्राची गाडी फाटकाशी उभी राहिली. त्या घरातून आशीर्वाद मागितल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नसे. वाल्मोरनं तर शेवटच्या आजारात, खाटेवरूनही मागितला होता. एदेर वाकला. "आशीर्वाद दे, नोना."

इतर वेळी त्याचं बोलणं संपायच्या आत तिचं उत्तर यायचं, देव तुझं भलं करो. आज ती एप्रनला हात पुसत राहिली. तो हसला, पुन्हा म्हणाला. मग हसायचा थांबला. बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

"आईकडचं रक्त खरं, असं तूच न्यायाधीशाला पटवून दिलंस," दोसोलिना म्हणाली. "मला बरं वाटलं होतं, पोरा. माझ्या आईची कुणीतरी बाजू घेतली, असं वाटलं. पण बापाकडचं रक्त म्हटलं की तुझी जीभ लुळी पडते. आशीर्वाद रक्ताला देतात. तो आज दुपारी तैनारा आली की तिला देईन, तुझाही तिलाच. तू नीघ, गाडी खोळंबलीय."